माझ्या वाट्याचे काम

बेने इस्राएलांनी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, काढलेल्या आपल्या शाळेच्या शतकोत्तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारे पत्र आले, आणि माझ्या वर्गातल्या डॉक्टर, वकील, शिक्षिका झालेल्या मैत्रिणी आठवल्या. त्यांचा मला फार अभिमान आहे. मी स्वतः लग्नानंतर इस्राएलला आले आणि निवृत्तीपर्यंत अश्दोदच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबले. तेव्हा हुद्द्यांविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. लिहायचे आहे ते हिब्रूच्या तासाविषयी, कारण तिथे ऐकलेला एक विचार मला जन्मभर पुरला.

हिब्रूचा तास आम्हा बेने इस्राएल मुलांपुरता असे. पण पावसाळ्यात वर्ग एकत्र करावे लागत, तेव्हा हिंदू आणि मुसलमान मुलेही आमच्या बाकांवर येऊन बसत. मग सर व्याकरण बाजूला ठेवत आणि आपल्या अलिबागकडच्या मराठीत मिश्नेतले, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथातले, काही सांगत. नुसत्या गोष्टी सांगून ते थांबत नसत. कोण कुणाला आणि कधी म्हणाले, हे आमच्याकडून वदवून घेत. त्यांच्या या सवयीचे मोल मला फार उशिरा कळले.

मिश्नेत सान्हेद्रिन नावाचा भाग आहे, न्यायालयांविषयीचा. ज्या खटल्यात आरोपीला देहान्ताची शिक्षा होऊ शकते, त्यातल्या साक्षीदारांना आधी काय बजावायचे, ते त्यात लिहून ठेवले आहे. पैशाच्या दाव्यात खोटी साक्ष दिली तर भरपाई करून सुटता येते. इथे मात्र त्या माणसाचे रक्त आणि त्याच्या पोटी जे जन्मले असते त्यांचेही रक्त तुमच्या माथी कायमचे राहील. एवढे सांगून झाल्यावर आदामाचा, म्हणजे देवाने घडवलेल्या पहिल्या माणसाचा, विषय निघतो. देवाने माणूस एकच का घडवला? एक जीव घेतला तर सगळे जग बुडवल्यासारखे आणि एक जीव वाचवला तर सगळे जग वाचवल्यासारखे, हे कळावे म्हणून. माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर, असे कुणी कुणाला म्हणू नये म्हणून. शिवाय देवाची थोरवी दिसावी म्हणून: माणूस एका ठशाने कितीतरी नाणी पाडतो आणि ती सगळी सारखी असतात; देव प्रत्येकाला आदामाच्याच ठशाने घडवतो आणि एकही माणूस दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून प्रत्येकाने म्हटलेच पाहिजे, 'माझ्यासाठी हे जग निर्माण झाले.'

हे शेवटचे वाक्य लोक फार वेळा सुटे काढून सांगतात. सुटे काढले की ते मिरवण्याचे वाक्य होते. सरांनी आम्हाला ते साक्षीदारासकट शिकवले. हा माणूस न्यायालयात उभा आहे आणि जे घडले ते त्याने पाहिले आहे. त्याच्याहून शहाणा, त्याच्याहून धार्मिक असा दुसरा कुणी त्याच्या जागी पाठवून चालणार नाही, कारण त्या दुसऱ्याने ते पाहिलेलेच नाही. प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे म्हणून एक काम येते असे आमचा धर्म मानतो, ते मला या साक्षीदारावरून समजते. तो साक्षीदार मोठा असायला हवा असे कुठेच म्हटलेले नाही.

'माझा बाप थोर' या ओळीवर सर जास्त वेळ थांबत. आमच्या समाजातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पाळला गेला. त्यांच्यात सोयरीक होत नसे. सरांनी हे आमच्यापासून लपवले नाही. आजूबाजूच्या जातिभेदाची रीत आपण उचलली आणि आपल्याच मिश्नेतली ओळ विसरलो, असे ते इतर धर्मांच्या मुलांसमोर मोकळेपणी म्हणत. पुढे इस्राएलमध्ये आमच्याच लोकांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली आणि १९६४ साली बेने इस्राएलांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. ते वाचताना मला तो वर्ग आठवला होता.

रब्बी (ज्यू धर्मगुरू) झूशाची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. तो म्हणाला, मेल्यावर देवाच्या न्यायालयात मला 'तू मोशे प्रेषित का झाला नाहीस' असे विचारणार नाहीत, 'तू झूशा का झाला नाहीस' असे विचारतील. सुरेख गोष्ट आहे, पण माझ्या मनात जास्त खोल गेली ती योम किप्पुरची, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाची, एक प्रार्थना. माझी आजी या दिवसाला दारफळणीचा सण म्हणायची. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रावा नावाच्या गुरूंची ही प्रार्थना त्या दिवसाच्या पापांच्या कबुलीत येते: 'देवा, मी घडण्यापूर्वी लायक नव्हतो, आणि आता घडलो आहे तरी जणू घडलोच नाही.' लहानपणी मला ही ओळ फार निराश वाटे. १९३५ साली निवर्तलेले रब्बी कूक यांनी तिचा लावलेला अर्थ मी इथे आल्यावर वाचला. ते म्हणतात, मी जन्मण्यापूर्वी किती काळ लोटला, त्या काळात जगाला माझी गरज नव्हती. असती तर मी तेव्हाच जन्मलो असतो. आता जन्मलो याचा अर्थ आता असे काहीतरी उभे आहे जे माझ्याशिवाय अडले आहे. ते केले नाही, तर मात्र न जन्मल्यासारखेच.

वृद्धाश्रमात आमच्याकडे कोकणातून आलेल्या काही म्हाताऱ्या बेने इस्राएल बायका होत्या. इस्राएलमध्ये त्यांची हयात गेली होती, हिब्रू चांगले बोलत. पण स्मृतिभ्रंश सुरू झाला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते. एक आजी रोज संध्याकाळी अस्वस्थ होऊन काहीतरी मागत आणि परिचारिकांना वाटे की भ्रमात बडबडत आहेत. त्या पेज मागत होत्या. तिथे चांगले डॉक्टर होते, माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेल्या परिचारिका होत्या. पेज म्हणजे काय हे मात्र त्या मजल्यावर मला एकटीला ठाऊक होते. मग मी पेज केली, वर मीठ घातले आणि त्या जेवल्या. पुढे अशा आजी आल्या की मलाच बोलावत. मराठीतून 'कुठे दुखतंय?' विचारले की त्या सांगत, आणि डॉक्टरांना नेमके कळे. पेण तालुक्यातल्या घरात मी जन्मले, आजीची मराठी कानावर पडली, हे सगळे कशासाठी होते याचे उत्तर मला त्या मजल्यावर मिळाले, असे मी मनापासून मानते.

म्हणून हल्ली मुलांना 'जीवनाचे ध्येय ठरवा' म्हणून जे भाषण दिले जाते, ते मला पटत नाही. त्यात ध्येय म्हणजे करिअरच असते. आपल्या शाळेचे संस्थापक हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली शाळा काढली ती समाजातल्या मुलांना शिकता यावे म्हणून. त्यांनीच बेने इस्राएलांचा इतिहास लिहिला. लेखन १८९७ मध्ये पुरे झाले, पण पुस्तक छापले गेले ते १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. तोवर केहिमकर हयात नव्हते. रब्बी तार्फोन यांचे वचन आहे, 'काम पुरे करणे तुझ्यावर नाही, पण ते सोडून द्यायलाही तू मोकळा नाहीस.' जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनीही असेच एक काम उचलले आणि हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्यामुळे माझ्या आजीसारख्या बायकांना आपण काय म्हणतो आहोत ते कळू लागले.

आता शाळेत ज्यू मुले जवळजवळ नाहीत आणि बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत, याची आमच्या काही लोकांना खंत वाटते. मला वाटत नाही. मिश्नेतला उतारा आदामाविषयी आहे, आणि आदाम या मुलांचाही बाप आहे. त्या उताऱ्याचे माझे मराठी भाषांतर मी या लेखासोबत शाळेच्या ग्रंथालयासाठी पाठवते आहे. त्याचे उर्दूही व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. मला उर्दू येत नाही. ते काम आज त्या बाकांवर बसणाऱ्या कुणाचे तरी आहे. मुख्याध्यापकांनी वर्गात विचारून पाहावे.