घरचा फोन चालू ठेवून स्वतःचा राउटर कसा बसवावा

साताऱ्याच्या आमच्या घरी १९९१ साली फोन आला. पुढे क्रमांकाचे आकडे वाढले, फोनची उपकरणे तीनदा बदलली आणि दोन वर्षांपूर्वी तांब्याची तार जाऊन तिच्या जागी फायबर आले, पण आईच्या माहेरची माणसे आणि बाबांचे जुने सहकारी आजही त्याच क्रमांकावर फोन करतात. आई-बाबांकडे मोबाइल आहेत. तरीही बाबांना ऐकू कमी येत असल्यामुळे लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावल्यावरच त्यांना समाधानाने बोलता येते. मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी टिकवण्याची सोय देशभरात जानेवारी २०११ मध्ये आली. घरच्या फोनच्या क्रमांकाला ती सोय आजही नाही. त्यामुळे हा फोन बंद पडणे आमच्या घराला परवडणारे नाही, आणि स्वतःचा राउटर बसवण्याच्या खटपटीत मी नेमका तोच दोन दिवस बंद पाडला. त्या अनुभवातून जे शिकलो, ते आपल्या आई-वडिलांच्या घरी हेच काम करायला निघालेल्या वाचकांसाठी लिहून ठेवत आहे.

राउटर बदलण्याचे कारण साधे होते. कंपनीने दिलेला डबा दिवाणखान्याच्या दाराशी लावलेला होता आणि मागच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नव्हते. पुण्याहून येताना मी चांगला राउटर आणला. त्याला फायबर लावण्याची जागा नव्हती आणि फोनची वायर लावण्याची खाचही नव्हती. बाजारात मिळणारे बहुतेक राउटर असेच असतात. येथेच पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी. आपण ज्याला सरसकट मोडेम म्हणतो, तो कंपनीचा डबा म्हणजे ओएनटी, आणि तो एकट्याने तीन कामे करतो. फायबरमधला प्रकाश तो विजेच्या संदेशात बदलतो, इंटरनेट घरभर वाटतो, आणि आपल्या साध्या फोनसाठी छोट्या एक्स्चेंजसारखे काम करतो. फोनला डायल टोन आता गावातल्या एक्स्चेंजमधून येत नाही, तो हा डबाच तयार करतो. घंटी वाजवण्यासाठी लागणारी वीजही तोच पुरवतो. स्वतःचा राउटर आणून आपण यातले फक्त मधले काम काढून घेऊ शकतो. पहिले आणि तिसरे काम त्या डब्याकडेच राहू द्यावे लागते.

हे तिसरे काम चालते कसे, तेही पाहू. आपला आवाज डब्यात आकड्यांमध्ये बदलला जातो, त्याचे वीस मिलिसेकंदांचे तुकडे पडतात आणि सेकंदाला पन्नास तुकडे कंपनीकडे जातात, तेवढेच तिकडून येतात. प्रचलित जी.७११ पद्धतीत नुसता आवाज सेकंदाला ६४ किलोबिट होतो, आणि प्रत्येक तुकड्यावरची पत्त्याची माहिती धरून तो नव्वद किलोबिटच्या आसपास जातो. शंभर मेगाबिटच्या जोडणीत ही मागणी नगण्य आहे. म्हणून फोनवर आवाज तुटत असला, की आणखी वेगाचा प्लॅन घेऊन सहसा काही साधत नाही. तुकडे ठरल्या वेळी आणि ठरल्या वाटेने पोहोचणे एवढेच फोनला हवे असते. यासाठी अनेक कंपन्या एकाच फायबरमधून दोन वेगळ्या वाटा काढतात, एक इंटरनेटची आणि एक फोनची. या वाटांना व्हीलॅन म्हणतात आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असतो. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या भागात या दोन्हींच्या वेगवेगळ्या नोंदी दिसतात. एकीपुढे इंटरनेट लिहिलेले असते आणि दुसरीपुढे व्हॉइप किंवा व्हॉइस.

आमच्या घरी घोटाळा झाला तो याच पानावर. इंटरनेटची सगळी व्यवस्था माझ्या राउटरने पाहावी, म्हणून ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे इंटरनेट स्वतः न सांभाळता नुसते पुढे सोडण्याच्या पद्धतीवर, टाकून देण्याची विनंती मी केली. आलेला तंत्रज्ञ तरुण होता आणि कामाला चपळ होता. त्याने आधीच्या सगळ्या नोंदी पुसून ब्रिजची एकच नवी नोंद केली, माझ्या राउटरमध्ये पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवर लॉगिन करण्याचे, युजरनेम आणि पासवर्ड भरले आणि वेग मोजून दाखवत म्हणाला, “दादा, आता नेट फुल चालतंय बघा.” ते खरेच उत्तम चालत होते. संध्याकाळी आईने मामांना फोन लावायला रिसीव्हर उचलला आणि मला हाक मारली, “अरे, फोन डेड आहे रे.” मी वायर काढून पुन्हा लावली, दुसरा फोन जोडून पाहिला, पण टोन आला नाही. मग लक्ष ओएनटीवरच्या दिव्यांकडे गेले. पॉनचा दिवा स्थिर हिरवा होता, म्हणजे फायबर ठीक होते. फोनच्या चित्राखालचा दिवा मात्र विझलेला होता. पुसलेल्या नोंदींमध्ये फोनचीही नोंद गेली होती.

नुसती नोंद परत घालता येईना, कारण व्हीलॅनचा क्रमांक आमच्याकडे लिहिलेला नव्हता. फोनची ओळख पटवणारी एसआयपीची (फोन जोडण्या-तोडण्याचे निरोप पाठवण्याच्या पद्धतीची) माहिती डब्यातच राहिली होती, पण बाहेर जायला वाट नसल्यामुळे तिचा उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी एक अनुभवी तंत्रज्ञ आले. त्यांनी कार्यालयात फोन करून क्रमांक विचारला, व्हॉइसची वेगळी नोंद केली, फोनची सेवा तिच्याशी जोडली, आणि दहा मिनिटांत दिवा लागला. इंटरनेटची नोंद ब्रिजवरच राहिली आणि फोनची नोंद राउटेड, म्हणजे डब्यानेच सांभाळायची. दोन्ही एकाच डब्यात सुखाने नांदतात, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की कोणतेही सेटिंग बदलण्याआधी ओएनटीच्या वॅन आणि व्हॉइस या दोन्ही पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. त्याहूनही आधी, ब्रिज मोडची खरोखर गरज आहे का, याचा विचार करावा. घरात वाय-फाय नीट पोहोचावे एवढाच हेतू असेल, तर गरज नाही. आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावा आणि ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल आणून त्याला जोडावी. घरातल्या उपकरणांना नेटवर्कमधले पत्ते देण्याचे काम ओएनटीच करत राहतो, आपला राउटर फक्त वाय-फाय देतो, आणि फोनच्या सेटिंगला हात लागत नाही. आमच्या घरासारख्या बहुतेक घरांना एवढे पुरते, आणि मीही आधी हेच करायला हवे होते. मुलांसाठी वेळेचे बंधन घालणे किंवा परगावाहून घरचे कॅमेरे पाहणे यासाठी राउटरने पूर्ण ताबा घेणे सोयीचे असते, अशा वेळी ब्रिज मोड जरूर घ्यावा, पण तंत्रज्ञाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, “फक्त इंटरनेटची नोंद ब्रिज करा, व्हॉइसला हात लावू नका.” काही जण ओएनटी आहे तसाच ठेवून मागे राउटर पूर्ण मोडवर चालवतात. तेही चालते, फक्त दोन्ही डबे १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरून बसले असतील, तर आपल्या राउटरचा पत्ता बदलावा लागतो. ओएनटीच्या मागचे रिसेटचे छिद्र मात्र टाचणीने दाबू नये, कारण त्याने फोनची माहितीही पुसली जाऊ शकते आणि ती परत भरणे आपल्या हातात नसते.

आता दुसरा प्रकार, जो नाशिकच्या माझ्या मावसभावाकडे आहे. त्याचा फोन ओएनटीला जोडलेला नाही. त्याला फोनचा छोटा वेगळा अडॅप्टर मिळाला आहे आणि तो राउटरच्या मागे लावायचा असतो. येथे फोनचे तुकडे इंटरनेटच्याच वाटेने आणि आपल्याच राउटरमधून जातात, त्यामुळे राउटर बदलला की परिणाम फोनवर होतो. त्याने नवा राउटर लावल्यावर आलेला प्रत्येक फोन उचलताच नीट सुरू व्हायचा आणि अर्ध्या मिनिटानंतर तुटायचा. त्याला मी घड्याळ लावून मोजायला सांगितले. तीनदा मोजले, तीनदा बत्तीस सेकंद आले. या आकड्यामुळे कारण लगेच कळले. एसआयपीच्या नियमांनुसार, फोन उचलल्याचा निरोप पाठवल्यावर समोरून पोच यावी लागते. ती बत्तीस सेकंदांत आली नाही, तर जोडणी सोडून दिली जाते. पोच वाटेत हरवत होती.

ती हरवत होती राउटरमधल्या एसआयपी एएलजी नावाच्या सोयीमुळे. राउटर घरातल्या उपकरणांचा खासगी पत्ता बदलून बाहेरचा पत्ता लावतो, पण तो बदलतो पाकिटावरचा पत्ता. एसआयपीमध्ये पाकिटाच्या आतल्या पत्रातही पत्ता लिहिलेला असतो. आतला पत्ता सुधारावा म्हणून ही सोय केलेली आहे. मात्र ती पुष्कळ राउटरमध्ये अर्धवट असते आणि अडॅप्टरने स्वतःच केलेली दुरुस्ती पुन्हा बिघडवते. आपला आवाज पलीकडे जातो पण तिकडचा ऐकू येत नाही, ही तक्रारही बरेचदा याच घरातली असते. मावसभावाने एएलजी बंद केले आणि अडॅप्टर पुन्हा सुरू केला. त्या रात्री तो माझ्याशी चाळीस मिनिटे बोलला. आणखी एक दोष त्याच्याकडे उरला होता. घरातून फोन लागत असे, पण काही वेळ फोन वापरला नाही, की बाहेरून येणारा फोन वाजत नसे. राउटर न वापरलेली वाट थोड्या वेळाने बंद करतो, हे त्याचे कारण. अडॅप्टरमध्ये दर तीस सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवण्याचे सेटिंग होते, ते चालू केल्यावर घंटी वाजू लागली.

येथे मनातली एक गोष्ट मांडतो. फोनच्या वाटेचा क्रमांक आणि तिची नोंद ही माहिती जोडणी देतानाच ग्राहकाला कागदावर मिळायला हवी. एसआयपीचा पासवर्ड सुरक्षिततेसाठी हाती देत नाहीत, हे मला मान्य आहे. तो बाहेर गेला तर आपल्या क्रमांकावरून कोणीही फोन करू शकेल. पण वाटेचा क्रमांक गुप्त ठेवण्यासारखा नाही. एका आकड्यावाचून दोन वृद्ध माणसांचा फोन दोन दिवस बंद राहणे मला आजही योग्य वाटत नाही.

विजेचा विचारही याच कामात उरकून घ्यावा. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची ४८ व्होल्टची वीज घरापर्यंत येत असे, म्हणून भारनियमनाच्या दिवसांत दिवे गेले तरी फोन चालू असायचा. फायबरमधून वीज येत नाही. ओएनटी बंद पडला की फोनही बंद पडतो, म्हणून राउटरच्या आधी ओएनटीला बॅटरीचा आधार द्यावा. मी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. घेताना ओएनटीच्या विजेच्या मूळ अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर तेवढे जुळवून पाहिले. फोन ओएनटीलाच जोडलेला असण्याचा फायदा येथे दिसतो, कारण माझा राउटर बंद असला तरी आईचा फोन चालू राहतो.

सगळे बसवून झाल्यावर फोन दोन्ही बाजूंनी तपासावा: एकदा घरातून बाहेर, एकदा बाहेरून घरी, आणि दोन्ही वेळा निदान पाच मिनिटे बोलून. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावा. १५ जानेवारी २०२१ पासून तो आवश्यक आहे, आणि नेमक्या याच कारणाने फोन लागला नाही की दोष नव्या राउटरला दिला जातो. नंतर मुख्य स्विच बंद करून पुन्हा एकदा रिसीव्हर उचलून पाहावा. आम्ही तो उचलला तेव्हा टोन येत होता, आणि बाबांनी अंधारातच मामांना फोन लावला.