तूवे आणि तूलिक्की

आज दिवसभर फिनलंडच्या तूवे यान्सन यांची चित्रे पाहत होते. स्वतः क्वीअर असून चित्रकथा काढणाऱ्या मला त्या फार जवळच्या वाटतात. १९३८ मध्ये ‘गार्म’ मासिकासाठी हिटलरला केकसाठी रडणाऱ्या हट्टी मुलाच्या रूपात रंगवणाऱ्या तूवेंनी १९५४ पासून लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’साठी मूमिन या त्यांनीच निर्माण केलेल्या गोलमटोल काल्पनिक प्राण्यांची चित्रमालिका काढली, रोजच्या त्या कामाने थकल्यावर त्यांनी ती भाऊ लार्स यांच्याकडे सोपवली, आणि मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो. फिनलंडमध्ये १९७१ पर्यंत समलैंगिक संबंध हा गुन्हा होता, तरीही आपली जोडीदार, चित्रकार तूलिक्की पिएतिला यांना त्यांनी टू-टिकी या पात्राच्या रूपाने मूमिनच्या जगात मानाने आणले. त्याच १९७१ मध्ये दोघी जपान, अमेरिका आणि मेक्सिकोच्या दीर्घ प्रवासाला निघाल्या, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.