शेवटच्या रांगेतली छत्री

1983 च्या स्नेहसंमेलनात आमच्या नववी ब नं 'संगीत शारदा'मधला एक प्रवेश केला होता. शारदा मी होते. शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मनात दुसरं काही आलंच नाही. तो प्रवेश, संगीताचे सर, आणि त्यांच्यामुळे ज्यांची ओळख झाली ते केशवराव भोसले. तिघांना वेगळं काढून मला लिहिता येणार नाही.

तालमी चित्रकलेच्या वर्गात व्हायच्या. शाळेची पायपेटी जुनी होती. तिची एक पट्टी दाबली की खालीच राहायची, वर यायची नाही. सर वाजवता वाजवता करंगळीनं ती उचलायचे आणि लय जराही हलू द्यायचे नाहीत. मी पहिल्या दिवशी पद म्हटलं तेव्हा त्यांनी पेटी थांबवली आणि म्हणाले, "गळा चांगला आहे बाळ. पण तू स्वतःला ऐकवतेयस. शेवटच्या रांगेतल्या माणसानंबी तिकीट काढलंय."

मग त्यांनी विचारलं, "शारदेचं काम आपल्या गावातल्या एका पोरानं गाजवलं होतं, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. केशवराव भोसले हे माझ्या लेखी एका नाट्यगृहाचं नाव होतं. खासबाग मैदानाला लागून असलेली ती इमारत, जिथं वडील कधीतरी नाटकाला न्यायचे. तो माणूस होता, आणि शारदा झाला होता, हे त्या दिवशी कळलं.

पुढचे दोन महिने तालीम संपली की सर थोडंथोडं सांगायचे. 9 ऑगस्ट 1890 ला केशवरावांचा जन्म झाला, आपल्या कोल्हापुरात. वडील लवकर गेले. शाळेत बसायच्या वयात पोर नाटक कंपनीत गेलं, स्वदेशहितचिंतक मंडळीत. आपल्याकडे 'घर सोडून नाटकात गेला' असं म्हणायची पद्धत आहे, पण इथं घरानंच पोट भरायला पोराला कंपनीत पाठवलं होतं. तिथं अक्षरओळखीपेक्षा आधी पदं पाठ झाली. पहाटे उठून मेहनत, दुपारी तालीम, रात्रभर नाटक, आणि मुक्काम हलला की बैलगाडीत नाहीतर रेल्वेत मिळेल तेवढी झोप. सर हे सांगताना आमच्याकडे एकेकाकडे बघायचे. आमच्या दप्तरांकडेही बघायचे.

'शारदा' हे हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक, 1899 चं. आमच्या वयाची पोर, बाप पैशापायी तिला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणतात, पण ते नाव तो कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून पडलं. आमच्यातल्या कुणीतरी इतिहासाच्या पेपरात देवलांच्या नाटकावरून पडलं असं लिहिलं होतं, म्हणून सरांनी ते मुद्दाम समजावलं. केशवरावांनी पोरवयात ही शारदा उभी केली. 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद तो मुलगा म्हणायचा. मला ते बसत नव्हतं. मी मुलगी असून मला भीती दाखवता येत नव्हती आणि एका मुलानं ती दाखवली होती, ह्याचं मला फार आश्चर्य वाटायचं. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्याच्यावर प्रसंग आला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तुला जायचंय का म्हणून." हे वाक्य मला तेव्हा अर्धंच कळलं. त्यानंतर पद मात्र बसलं.

शेवटच्या पंधरा दिवसांत सर्व तालमी नाट्यगृहात झाल्या. दोन शिपाई आणि वर्गातल्या मुलींचे भाऊ यांनी पायपेटी हातगाडीवर घालून शाळेतून तिथवर नेली. वाटेत चढ होता, तिथं सरही गाडीला हात लावून चालले. रंगमंचावर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा समोरचा अंधार इतका खोल वाटला की शब्दच विसरले. सरांनी माइक बंद ठेवायला सांगितले होते. पेटीवर दुसऱ्या एका मुलीला बसवून ते स्वतः थेट मागं, शेवटच्या रांगेत जाऊन बसले. काळी छत्री जवळ होती. "ऐकू आलं नाही की छत्री उभी करीन. पुन्हा पहिल्यापासून."

पहिल्या संध्याकाळी छत्री किती वेळा उभी राहिली ते मोजलं नाही. चौथ्या दिवशी ती फक्त दोनदा उठली. आवाज फेकणं म्हणजे ओरडणं नाही, हे त्या आठवड्यात शरीराला कळलं. पोटातून श्वास, तोंड नीट उघडलेलं, व्यंजन स्वच्छ, आणि शेवटचं अक्षर गिळायचं नाही. केशवरावांच्या काळात रंगभूमीवर माइक नव्हताच. हजारभर माणसं, दारं उघडी, बाहेर टांगे, आणि त्यावरून मागच्या माणसाच्या कानात शब्द जायला हवा. त्यांचा आवाज उंच पट्टीचा, धारदार आणि तिन्ही सप्तकांत फिरणारा होता, असं जुन्या रसिकांनी लिहून ठेवलंय. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना मिळाली होती. पण सरांचं म्हणणं, नुसता गळा असून भागत नाही, गळ्याच्या मागं माणूस लागतो.

संमेलनाच्या रात्री पेटीवर सरच होते, समोरच, माझ्यापासून चार हातांवर. तरी पद सुरू करताना माझी नजर आपोआप मागं गेली. मागची रांग पालकांनी भरली होती. छत्री नव्हती. मी गायले.

केशवरावांच्या आयुष्यातली मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट गाण्याची नाही. 1 जानेवारी 1908 ला त्यांनी हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली. वय 17 वर्षं आणि जवळजवळ पाच महिने. त्या वयात आम्ही बारावीचे फॉर्म भरत होतो. कंपनी काढायची म्हणजे नुसतं नाटक करायचं नसतं. पन्नासएक माणसांचं रोजचं जेवण, पडदे, दागिने, कपडेपट, साजिंदे, गावोगावचं भाडं, पावसाळ्यातले बंद खेळ, आणि उत्पन्न नसलं तरी द्यावे लागणारे पगार. बालपण दुसऱ्याच्या कंपनीत राबून काढलेल्या मुलानं हे सारं अंगावर घेतलं. केशवराव म्हटलं की लोक त्यांच्या ताना आठवतात. मला तो सतरा वर्षांचा मालक आठवतो.

आणि त्यानं नाटकंही कसली निवडली! वीर वामनराव जोशींचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', 1913 चं. मग मामा वरेरकरांचं हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप', 1916 चं. ज्यानं पोरवयात विकल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका केली, त्याच्याच कंपनीनं पुढं हुंड्यावरचं नाटक रंगभूमीवर आणलं. ह्यात मला योगायोग दिसत नाही. लोकांना पदं हवी होती, ती त्यानं दिली, पण पदांच्या मधे काय बोललं जातंय ह्याकडेही त्याचं लक्ष होतं.

आता संयुक्त 'मानापमान'. हे सर दर वर्षी नव्या वर्गाला सांगत असणार, कारण सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवरावांची ललितकलादर्श ह्या त्या काळच्या दोन मोठ्या कंपन्या. रसिकांचे सरळ दोन तट पडलेले, घराघरांत वाद. आणि 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एका रंगमंचावर आले. नाटक खाडिलकरांचं, चाली आपल्याच भागातल्या गोविंदराव टेंब्यांच्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. आदल्या काही वर्षांपर्यंत स्त्रीभूमिका करणारा हा नट त्या रात्री मानी सेनापती होऊन उभा राहिला, तोही ज्यांच्या नावावर 1911 पासून ते नाटक चालत होतं त्या भामिनीसमोर.

विचार करा, दोघांनाही केवढी भीती असेल. एकाला जास्त वन्समोअर मिळाले की दुसऱ्याची वर्षांची कमाई एका रात्रीत उणी ठरायची. तरी दोघं तयार झाले. मामला देशाचा होता हे एक कारण. दुसरं कारण मला एवढ्या वर्षांनी रंगमंचावर राहून कळलंय. समोरचा नट जितका चांगला, तितकं आपलं काम वर जातं. मला स्वतःला सगळ्यात छान गाता आलं ते माझ्यापेक्षा सरस गाणाऱ्या सहकलाकारासमोर. घाबरलेली असतानाही.

त्या प्रयोगानंतर तीन महिनेही झाले नाहीत. 4 ऑक्टोबर 1921 ला विषमज्वरानं केशवराव गेले. वय 31. सरांनी हे सांगितलं त्या दिवशी पुढं तालीम झाली नाही. आम्ही पेटीवर कापड टाकलं आणि घरी गेलो.

बालगंधर्वांना पुढं दीर्घ आयुष्य लाभलं, त्यांचं नाव घराघरांत राहिलं, आणि ते योग्यच आहे. पण केशवरावांची आठवण आपल्या गावाबाहेर फार पातळ झालीय, ह्याचं मला वाईट वाटतं. कंपनी मात्र त्यांच्यामागं मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी. भालचंद्र पेंढारकरांचा जन्मही 1921 चाच. ते 2015 मध्ये गेले. सतरा वर्षांच्या पोरानं लावलेलं झाड इतकी वर्षं फुललं.

माझं म्हणाल तर शाळा सुटल्यावर मी बँकेत लागले आणि नोकरी सांभाळून संगीत नाटकं केली. राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागात काही वर्षं भाग घेतला. भामिनी केली, सुभद्रा केली. शारदा पुन्हा करायचं वय निघून गेलं होतं, म्हणून शारदेची आई केली. तालमीला नव्या मुली येतात तेव्हा मी मागच्या रांगेत जाऊन बसते.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र मात्र लिहावीच लागेल. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही काही जणी सकाळी प्रतिमेला हार घालायला जाणार होतो, फुलं सांगून ठेवली होती. जेवणं उरकून भांडी आवरत होते तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती रडत होती. खिडकीतून खासबागेच्या बाजूला आभाळ लाल दिसत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर उभं राहायला जागा नव्हती. बंब येत होते. शाहू महाराजांनी 1913 मध्ये काम सुरू करून 1915 मध्ये पुरं केलेलं तेव्हाचं पॅलेस थिएटर, म्हणजेच आमचं केशवराव भोसले नाट्यगृह, आतून पेटलं होतं. म्हातारे नट, पडदे ओढणारे, प्रकाशवाले, चहावाले सगळे तिथं होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एक वयस्कर तबलजी हात जोडून उभे होते, देवळासमोर उभं राहतात तसे. लाकूड फुटल्याचे आवाज येत होते. माझ्या पदरावर राख पडत होती आणि ती झटकायला हात उठत नव्हता. घरी आल्यावर ती साडी मी धुतली नाही. अजून तशीच घडी करून ठेवलीय.

सकाळी ठरल्याप्रमाणे फुलं आली. आम्ही ती घेऊन गेलो. आत जाता येत नव्हतं. बाहेरूनच हार वाहिला आणि उभ्या उभ्या पद म्हटलं. माइक नव्हता. म्हणताना मी रस्त्यापलीकडच्या शेवटच्या माणसाकडं बघत होते.

नाट्यगृह पुन्हा उभारायचं काम हाती घेतलंय. ते उभं राहील तेव्हा पहिल्या घंटेला मी तिथं असणार, सर नसले तरी. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली.

स्मरणिकेसाठी त्या संमेलनाचा माझ्याकडचा एकमेव फोटो मी समितीकडं दिला आहे. कृष्णधवल आहे आणि एका कोपऱ्याला ओल लागलीय. त्यात मी आहे, वल्लरी झालेली माझी मैत्रीण आहे, अर्धी पायपेटी, सरांचा उजवा हात, आणि मागं जळण्याआधीच्या रंगमंचाची डावी चौकट. फोटोच्या पाठीवर सरांनी निळ्या शाईनं लिहिलंय, 'नववी ब. आवाज पोचला.' आपल्यापैकी आणखी कुणाकडं त्या नाट्यगृहातल्या संमेलनांचे फोटो असतील, कोणत्याही वर्षाचे, तर कृपा करून समितीकडं आणून द्या. प्रत काढून झाली की मूळ फोटो परत मिळतील.