साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट

डब्लिनला राहायला आल्यावर आयरिश कादंबऱ्या माझ्या हाती आल्या त्या सार्वजनिक ग्रंथालयामुळे. येथे सभासदत्वाला पैसे पडत नाहीत, पुस्तक उशिरा परत केल्याबद्दलचा दंड २०१९ पासून देशभर रद्द झाला आहे, आणि दुसऱ्या परगण्यातील शाखेत असलेले पुस्तकही मागणी नोंदवली की आपल्या शाखेत येते. मी साहित्याची अभ्यासक नाही, आवडीने वाचणारी आहे. पण अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांत एक गोष्ट इतक्या वेळा समोर आली की तिच्याविषयी लिहावेसे वाटले. या कादंबऱ्यांतील गुपित खरे तर कोणापासूनच लपलेले नसते. ते साऱ्या गावाला ठाऊक असते, आणि प्रश्न एवढाच उरतो की ते बोलून दाखवायचे कोणी.

क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ ही २०२१ साली आलेली कादंबरी सव्वाशे पानांच्या आतच संपते. काळ १९८५ च्या नाताळाचा, गाव वेक्सफर्ड परगण्यातील न्यू रॉस. बिल फर्लाँग हा कोळसा आणि जळाऊ लाकडाचा व्यापारी कॅथलिक जोगिणींच्या (नन्सच्या) मठात कोळसा पोहोचवायला जातो आणि तेथील कोठारात कोंडून ठेवलेली एक मुलगी त्याला दिसते. मठाला जोडून धुलाईघर आहे, आणि तेथे कोणत्या मुलींना ठेवतात याविषयी गावात कुजबुज आहे. पण मुलींची चांगली शाळाही त्याच जोगिणींच्या ताब्यात आहे, मठ हा फर्लाँगचे पैसे वेळेवर देणारा ग्राहक आहे, आणि त्याच्या घरी पाच मुली आहेत. गाव गप्प का राहते, हे कीगन कोठेही समजावून सांगत बसत नाहीत. शाळा, उधारी, हिवाळ्याचा खर्च अशा साध्या तपशिलांतून ते आपोआप उलगडते.

या कादंबरीत मला सर्वांत अस्वस्थ केले ते फर्लाँगच्या बायकोने, आयलीनने. ती दुष्ट नाही. काटकसरीने घर चालवणारी, मुलींवर जीव असलेली ती बाई नवऱ्याला एवढेच सुचवते की जे आपले नाही त्यात आपण पडू नये. हा सल्ला मी माझ्या तालुक्याच्या गावी, अगदी मायेच्या माणसांच्या तोंडून, कितीतरी वेळा ऐकलेला आहे, आणि म्हणूनच तिच्यावर रागावणे मला जमले नाही.

समाजाने ‘वाट चुकलेल्या’ ठरवलेल्या मुली-बायकांना कोंडून बिनपगारी राबवणाऱ्या, जोगिणींनी चालवलेल्या अशा धुलाईघरांना मॅग्डलेन धुलाईघरे म्हणत. डब्लिनच्या शॉन मॅकडरमट स्ट्रीटवर त्यांपैकी शेवटच्याची इमारत अजून उभी आहे. ते १९९६ साली बंद झाले, म्हणजे ही काही फार जुनी हकिकत नव्हे. १९२२ पासून दहा हजारांहून अधिक स्त्रिया या धुलाईघरांत राहून गेल्याचे सरकारी चौकशीत नोंदले गेले आणि २०१३ साली पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली. कादंबरी वाचल्यानंतर त्या रस्त्याने जाताना मला १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आठवले. गुप्तता तेथेही पाळली जात होती, पण ती दाराशी आलेल्या विधवेला जगता यावे म्हणून होती. येथील गुप्ततेने त्या बाईलाच जगापासून पुसून टाकले.

पॉल लिंच यांच्या ‘प्रॉफेट साँग’ला २०२३ चे बुकर पारितोषिक मिळाले. हुकूमशाहीकडे घसरत जाणारे कल्पित आयर्लंड आणि त्यात नवरा बेपत्ता झालेली, चार मुले सांभाळणारी एक बाई असे तिचे कथानक आहे. परिच्छेद पाडलेले नाहीत, संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याचाही श्वास कोंडतो. लेखकाला तेच हवे असणार. मला मात्र मधल्या भागात ही घुसमट एकसुरी वाटली. तरीही देश सोडायची वेळ कोणती, हे त्या बाईला का कळत नाही, हा भाग फार खरा उतरला आहे.

माझ्या मनाच्या सर्वांत जवळ आली ती कोलम तोबीन यांची ‘ब्रुकलिन’ (२००९). १९५० च्या दशकात एनिसकॉर्थी या छोट्या गावातून आयलिश लेसी नावाची तरुणी नोकरीसाठी अमेरिकेला जाते. घरच्या पत्रांनी तिला असह्य एकाकीपण येते. पण आईला लिहिलेल्या पत्रात त्यातले काही उतरत नाही, आणि तिकडे बहीण रोझही स्वतःचे दुखणे घरात कोणाला कळू देत नाही. व्हिडिओ कॉलवर आईला आवरलेली खोली आणि खिडकीबाहेरचे ऊन दाखवणाऱ्या आम्हा सर्वांना हा व्यवहार चांगला परिचयाचा आहे. तोबीन स्वतः एनिसकॉर्थीचे. एका शनिवारी मी रेल्वेने तेथे जाऊन आले. स्लेनी नदीकडे उतरणारे चढउताराचे रस्ते आणि एकमेकांसमोर उघडणारी दारे पाहिल्यावर, येथे कोण कोणाबरोबर फिरले हे संध्याकाळपर्यंत गावभर का होत असेल, हे लगेच समजले.

‘ब्रुकलिन’चा पुढचा भाग ‘लाँग आयलंड’ २०२४ साली आला. १९७६ चा उन्हाळा आहे. नवऱ्याने केलेल्या विश्वासघातामुळे चाळिशीतील आयलिश गावी परतते, आणि ‘ब्रुकलिन’मध्ये ती गावी आली असताना ज्याच्यात गुंतली होती तो जिम फॅरेल तेथे अजून आहे. परंतु जिमचे लग्न नॅन्सी या विधवेशी गुपचूप ठरलेले आहे. तिघेही सरळ बोलले असते तर कादंबरी पन्नास पानांत आटोपली असती, अशी तक्रार कोणी करील. मला ती मान्य नाही, कारण ज्या गावात बोललेला प्रत्येक शब्द पायरी उतरायच्या आत दुसऱ्याच्या घरी पोहोचतो, तेथे माणसे मनातले शेवटपर्यंत राखूनच ठेवतात. तोबीन यांनी शेवट मोकळा सोडला आहे आणि तो मला पटला. आयलिशला निदान परत जायला दुसरा देश आहे. मी पुस्तक मिटले तेव्हा मला काळजी वाटत होती ती बटाट्याचे काप आणि तळलेले मासे विकून मुलांना वाढवणाऱ्या, आणि याच गावात राहायचे असलेल्या नॅन्सीची.