५२ सेकंद आणि एक लिटर दूध

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडे दूध तापत असतं आणि नेमकी तेव्हाच समोरच्या शाळेची घंटा होते. साताऱ्यात गोडोलीला राहायला आलो तेव्हापासूनचा हा योग. घंटेमागून स्पीकरची खरखर, मग कुणीतरी घसा साफ करतं आणि बेंबीच्या देठापासून ओरडतं, "एक साथ राष्ट्रगीत शुरू कर!" हे ऐकलं की माझ्या टाचा आपोआप जुळतात. शाळा सोडून चाळीस वर्षं झाली, पण टाचांना ते कुणी कळवलेलं नाही.

त्या दिवशी बायको फुलं तोडायला गेली होती आणि दुधावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. लक्ष मी ठेवलंच. पातेल्याच्या कडेने बारीक बुडबुडे आले, मग मधली साय थरथरायला लागली. 'विंध्य हिमाचल'ला ती फुग्यासारखी वर उचलली गेली, 'तव शुभ नामे जागे'ला काठाशी आली आणि 'गाहे तव जयगाथा'ला ओट्यावरून खाली फरशीवर. मी सावधान. हात मांड्यांना चिकटलेले, बर्नर माझ्यापासून वीतभर लांब.

बायको दारात उभी राहून बघत होती. 'जय हे' संपल्यावर म्हणाली, "अहो, देशाचं झालं असेल तर फडकं घ्या."

मग मी केंद्राचे आदेश काढून वाचले. माणूस चुकला की नियमात सवलत शोधतो. राष्ट्रगीत सुरू असताना श्रोत्यांनी सावधान उभं राहावं, असं त्यात आहे. बातमीपटात किंवा माहितीपटात ते चित्रपटाचाच भाग म्हणून आलं, तर उभं राहायची अपेक्षा नाही. त्याने मान राखण्याऐवजी गोंधळच व्हायचा, हा शहाणपणाही आहे. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद आणि फक्त पहिल्या-शेवटच्या ओळींच्या संक्षिप्त रूपाला २० सेकंद, हेही आहे. दुधाबद्दल एक अक्षर नाही. वीस सेकंदांत आमचं दूध वाचलं असतं, एवढं मात्र लक्षात आलं.

आणि ५२ सेकंद म्हणायचं ते कागदावर. शाळेतली पोरं मिनिटाच्या वर जातात. पहिलीची मुलं 'जलधितरंग'ला येऊन अडखळतात; तो शब्द आम्हीही कित्येक वर्षं 'जल दीतरंग' असाच तोडत होतो. पण 'गुजरात'नंतर सगळा आळस झटकला जातो आणि 'मराठा' असा काही दणक्यात येतो की खिडकीची काच हलावी. आपल्या घरचं नाव आलं की आवाज चढणारच. आसामात काय होत असेल कोण जाणे, त्यांचं नाव या कडव्यात नाही.

अजिंक्यताऱ्याकडून वारा असला की मागच्या आळीतल्या शाळेचंही ऐकू येतं. त्यांची घंटा आमच्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे. म्हणजे इकडे 'जय हे' आणि तिकडे 'पंजाब सिंधु'. आता एकदा उभं राहायचं की दोनदा? आमच्या शेजारच्या सुभेदार काकांना हा प्रश्नच पडत नाही. ते अपशिंगे मिलिटरीचे. पहिल्या महायुद्धात ज्या गावाचे ४६ जवान कामी आले आणि म्हणून ज्याच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलं, ते गाव. काका बनियन-पायजम्यात ओट्यावर चहा पीत बसतात. घंटा झाली की कप कठड्यावर ठेवायचा, वर बशी झाकायची आणि उभं राहायचं, ते दुसऱ्या शाळेचं संपेपर्यंत. चहा निवतो. बशी कशाला झाकायची, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

मी त्यांना दुधाची गोष्ट सांगितली. वाटलं, पाठ थोपटतील. तर म्हणाले, "आरं, आधी ग्यास बंद करायचा, मग उभं ऱ्हायाचं. आग लावून कसला सावधान?"

वडील सांगायचे, चीनच्या युद्धानंतर थेटरात सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत लागायचं. नायक-नायिकेचं जमतंय असं दिसलं की लोक अंधारात चपला चाचपायला लागत, कारण शेवटची एस्टी काही राष्ट्रगीतासाठी थांबत नव्हती. पुढे महाराष्ट्रात २००३ पासून ते सिनेमाच्या आधी आलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देशभर सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये ऐच्छिक. त्या सक्तीच्या दिवसांत आईला सिनेमाला नेलं होतं. तिचे गुडघे गेलेले. पडद्यावर सूचना आली तशी तिने खुर्चीच्या हाताला धरून उठायला सुरुवात केली. 'द्राविड उत्कल'ला अर्धी, शेवटच्या 'जय हे'ला सरळ. तोवर सगळं थेटर बसलं. मागून आवाज आला, "ओ मावशी, बसा की!" आई वळूनही न बघता म्हणाली, "एवढी उठलीय तर जरा उभी राहू दे."

या सगळ्यात मला हटकून आठवतात ते आमच्या जिल्ह्याचे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण गीत वाजतं ते सुवर्णवाल्याच्या देशाचं, आणि त्या गटातलं सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांचं. म्हणजे एवढा पराक्रम करून खाशाबांच्या वाट्याला जपानचं राष्ट्रगीत. नशीब एवढंच की जगातल्या सगळ्यात छोट्या राष्ट्रगीतांत त्याची गणना होते. आपल्या लोकांनी मात्र भरपाई केली. कऱ्हाडहून गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक काढली. तिथे कोण सावधान उभं असणार? सगळे नाचले असतील, बैलांसकट.

परवा सकाळी घंटा झाली आणि मी शिस्तीत आधी गॅस बंद केला. टाचा जुळवल्या. आवाजच नाही. लाइट गेलेली, स्पीकर मुका. पोरं गात असणार, पण मधल्या रस्त्यावर एस्टी आणि दुधाच्या गाड्या. सुरू झालं की संपलं, काही कळेना. खिडकीतून पाहिलं तर काका ओट्यावर ताठ उभे, कपावर बशी. मीही तसाच थांबलो. दूध कोमट होत गेलं. बायको मागून म्हणाली, "चहाचं काय?"

मी हूं की चूं केलं नाही. काकांनी बशी उचलली, तेव्हा गॅस पेटवला.