एकाच बोर्डावर कच्चंही आणि करपलेलंही

दुपारी टेबलावर एक ॲम्प्लिफायर आला. कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने छंद म्हणून घरी जोडलेला. बोर्ड बोटाने दाबला की आवाज येतो, सोडला की जातो. म्हणजे ड्राय सोल्डर, कुठेतरी सोल्डरने नीट न धरलेला जॉइंट, दुसरं काय! मल्टिमीटर न उचलता मी सरळ भिंग लावलं.

मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या ग्राउंडच्या पायाला सोल्डर मण्यासारखं नुसतं टेकलेलं होतं, पॅडला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला, चिकटलंच नव्हतं. तिथून चार बोटांवर एका छोट्या ट्रान्झिस्टरचा पॅड ट्रॅकसकट, म्हणजे त्याला जोडलेल्या तांब्याच्या रेघेसकट, उपटून आलेला, भोवती फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून वापरतात त्या राळेसारख्या पदार्थाचा) कोळसा. एक जॉइंट कच्चा, दुसरा करपलेला. मला वाटलं, दोघांनी मिळून जोडला असणार.

"नाही काका, सगळं मीच केलंय. सोल्डरिंग आयर्नसुद्धा आणलाय."

पिशवीतून २५ वॉटचा साधा आयर्न निघाला. प्लगला लावायचा आणि तापेल तितका तापू द्यायचा, तापमानाचा कंट्रोल वगैरे काही नाही. तो बघितल्यावर मला आठवलं, हा पोरगा मागे विचारायला आला होता आणि मीच घाईत म्हणालो होतो, "सुरुवातीला कुठलाही चालतो रे."

बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, सुईसारखी टोकदार, आणि वर कानस मारून चकचकीत केलेली. टोकाला तांब्याचा लाल रंग दिसत होता. बिट आतून तांब्याची असली तरी तिच्यावर लोखंडाचा पातळ थर असतो. तो गेला की वितळलेलं सोल्डर तांबं खात सुटतं. जुन्या साध्या तांब्याच्या बिटांना कानस मारायचे, ती सवय अजून लोकांच्या हातातून गेलेली नाही. काळी पडलेली बिट पितळी जाळीत फिरवायची, लगेच ताजं सोल्डर लावायचं, बस.

आता मलाही राहवेना. थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजायच्या तारेचं, टोक बिटेवरच्या वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवलं. नुसता ठेवलेला आयर्न ४२० अंश सेल्सिअस दाखवत होता. तोच ग्राउंडच्या पायाला लावला तर आकडा घसरत २३० वर आला आणि तिथेच बसला. त्या पायामागे तांब्याचा अख्खा पत्रा, तो उष्णता ओढून घेत होता. त्यात पोराचं सोल्डर शिशाविना, वितळायलाच २१७ च्या पुढे लागतं. ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) शिसंवालं असतं तर १८३ लाच सुटलं असतं. ट्रान्झिस्टरच्या पॅडला मात्र पाठीमागे काहीच नाही. तिथे ते ४२० थेट बसले, खालचा गोंद सुटला.

मग माझं सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे तापमान ठरवता येणारा आयर्न, ३४० वर लावलं, छिन्नीसारखी रुंद बिट घातली आणि तोच पाय धरला. आकडा पंचविसेक अंशांनी पडला आणि सोल्डर पायाभोवती पसरेपर्यंत परत वर आला. माझी बिट हाक्कोच्या टी-१२ धाटणीची, हीटर आणि सेन्सर दोन्ही तिच्या पोटातच. टोक थंड झाल्याचं तिला तिथल्या तिथे कळतं. पोराच्या आयर्नला कळायची सोयच नव्हती.

"म्हणजे ६० वॉटचा घेऊ?"

"कंट्रोलवाला घे. वॉट असतील तर गरजेला धावतील, पण कधी धावायचं आणि कधी थांबायचं ते कळायला हवं. नाहीतर ६० वॉटने आणखी पॅड उपटशील."

बिटा सहज बदलता येतात का आणि नंतरही मिळत राहतील का, ते आधी बघायला सांगितलं. केबल मऊ सिलिकॉनची हवी. कडक केबल हात ओढत राहते, तासाभरात मनगट बोंब मारतं. आणि प्लगच्या अर्थपिनपासून बिटेच्या टोकापर्यंत मीटर लावून, टोक अर्थला जोडलंय का ते बघायचं. पोराच्या आयर्नला अर्थपिनच नव्हती. मॉसफेटसारख्या (हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) नाजूक पार्टवर असला आयर्न मी तरी टेकवणार नाही.

उपटलेल्या ट्रॅकच्या जागी बारीक वायर टाकली, ग्राउंडचा जॉइंट नव्याने भरला. बोर्ड दाबला, सोडला, आवाज हलला नाही. मजुरी काही घेतली नाही. कुठल्या तोंडाने घेणार?

त्याचा आयर्न मात्र ठेवून घेतला. थ्री-डी प्रिंट केलेल्या डब्यांत पितळी नट गरम करून बसवायला झकास चालतो.