रबाळ्याची बाकी जुळेपर्यंत

आमची कंपनी ठाण्यात, वागळे इस्टेटला. १ जुलै २०२३ ला आम्ही रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीचे ८० टक्के शेअर २ कोटी ६० लाखांना घेतले. आमच्या मशिनला लागणारे सुटे भाग तीच बनवते. त्या वेळी अकाउंट्समध्ये आम्हाला फारसं काही जाणवलं नाही. गुंतवणुकीच्या खात्यात एक आकडा वाढला, एवढंच. जाणवलं ते पुढच्या जुलैत. सीए सर म्हणाले, "स्टँडअलोन झालं ना? आता कन्सॉलिडेशनला बसा." म्हणजे आमच्या एकटीचा हिशेब झाला, आता दोन्ही कंपन्यांचा मिळून एक करायचा.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९(३) प्रमाणे सबसिडियरी (जिचे बहुतेक शेअर आपल्याकडे असतात ती कंपनी) एकच असली तरी दोघींचा मिळून एकत्रित ताळेबंद करावा लागतो. सबसिडियरीचे ठळक आकडे एओसी-१ नावाच्या फॉर्ममध्ये द्यायचे ते वेगळेच. आम्हाला इंड-एएस ही हिशेबाची नवी मानकं लागू नाहीत, म्हणून सगळं एएस २१ या जुन्या मानकाप्रमाणे. पहिलंच वर्ष असल्यामुळे मागच्या वर्षाचे आकडे शेजारी द्यावे लागणार नव्हते, तेवढंच एक काम कमी. एजीएम, म्हणजे भागधारकांची वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत, त्याआधी २१ पूर्ण दिवसांची नोटीस, आणि २०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला. म्हणजे ताळेबंदावर सह्या गणपतीच्या आधीच व्हायला हव्या होत्या.

दोन्ही कंपन्यांच्या टॅली सॉफ्टवेअरमधले ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकीच्या याद्या, एक्सेलमध्ये शेजारी मांडून ओळीला ओळ बेरीज करणं एका दुपारी उरकलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

आधी गुडविल, म्हणजे निव्वळ मालमत्तेतल्या आपल्या वाट्यापेक्षा आपण जास्त मोजलेली किंमत. सबसिडियरीचं भागभांडवल १ कोटी आणि ३१ मार्च २०२३ चा राखीव निधी १ कोटी ७८ लाख. त्याचे ८० टक्के काढून मी गुडविल ३७ लाख ६० हजार लिहिलं. सरांनी फक्त तारखेवर बोट ठेवलं. शेअर १ जुलैला आले, म्हणजे एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा नफा आम्ही कमावलेला नव्हता, तो विकत घेतलेला होता. तो नफा शोधायचा तर ३० जूनचा स्टॉक हवा, आणि त्या दिवशी तिथे कुणी स्टॉक मोजलेलाच नव्हता.

मग ठाण्याहून वाशीची लोकल धरली आणि ऐरोलीनंतर रबाळ्याला उतरले. तिथले अकाउंटंट काका निवृत्तीला आलेले. त्यांनी स्टोअरमधून बिन कार्डांचे, म्हणजे प्रत्येक मालाची आवक-जावक लिहिलेल्या कार्डांचे, गठ्ठे काढून दिले आणि दोन दिवस माझ्याबरोबर बसून राहिले. ३१ मार्चचा मोजलेला स्टॉक, त्यात आलेला माल मिळवायचा, गेलेला वजा करायचा, असं करत आम्ही ३० जूनला पोहोचलो. तीन महिन्यांचा नफा निघाला १२ लाख. म्हणजे खरेदीच्या दिवशी त्यांची निव्वळ मालमत्ता २ कोटी ९० लाख, आमचा वाटा २ कोटी ३२ लाख, आणि गुडविल २८ लाख. त्या ९ लाख ६० हजारांच्या फरकासाठी घातलेल्या दोन दिवसांचं मला आजही समाधान आहे.

दुसरी अडचण आपसातल्या बाकीची. आमच्या पुस्तकात त्यांचे देणे ६१ लाख, त्यांच्या पुस्तकात आमच्याकडून येणे ६८ लाख ४० हजार. एकत्र करताना या दोन्ही रकमा एकमेकींत विरून जायला हव्यात, आणि इथे ७ लाख ४० हजार अधांतरी. ऑफिसात एकजण म्हणाला, "इतर खर्चात टाक आणि मोकळी हो." मला ते पटलं नाही. फरक लपवला की त्याच्यामागे काय दडलंय ते कधीच कळत नाही. काकांनी फोनवर लेजरची एकेक ओळ वाचली, मी इकडे टिक करत गेले. दीड लाखाचं आमचं एनईएफटी त्यांच्याकडे सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुणाचे ते न कळलेले पैसे तात्पुरते ठेवतात तिथे, पडलं होतं. उरलेले ५ लाख ९० हजार म्हणजे ३० मार्चचं एक बिल, ५ लाखांचा माल आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. माल आमच्या गेटवर आला ३ एप्रिलला, म्हणून आमच्याकडे नोंदच नव्हती. एकत्रित ताळेबंदात तो वाटेतला माल म्हणून धरला.

हे बिल सापडलं नसतं, तर पुढचा आकडाही चुकला असता. ते आम्हाला माल देतात तो मूळ खर्चावर २५ टक्के चढवून. आमच्या गोडाऊनमध्ये त्यांचा ३५ लाखांचा माल पडून होता, वाटेतला धरून ४० लाख. त्यातला पाचवा भाग, ८ लाख, हा त्यांनी दाखवलेला नफा, पण बाहेरच्या एकाही गिऱ्हाइकाने त्यासाठी अजून पैसे मोजलेले नाहीत. घरातल्या घरात विकून कुणी श्रीमंत होत नाही, म्हणून तो पूर्ण वजा करायचा. वाटेतला माल सुटला असता तर मी ७ लाखच वजा केले असते.

मायनॉरिटी इंटरेस्ट, म्हणजे उरलेल्या २० टक्के भागधारकांचा वाटा, मात्र लवकर जुळला: खरेदीच्या दिवशीचे ५८ लाख, नंतरच्या नऊ महिन्यांतल्या ४५ लाख नफ्याचे २० टक्के म्हणजे ९ लाख, त्यातून वरच्या ८ लाखांतला या भागधारकांचा वाटा १ लाख ६० हजार वजा. राहिले ६५ लाख ४० हजार. ही रक्कम आमच्या भागधारकांच्या निधीत मिसळायची नाही, वेगळ्या ओळीत दाखवायची.

५ सप्टेंबरला संध्याकाळी सह्या झाल्या. काकांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "तो वाटेतला माल घेतलास ना गं?" आता यंदाच्या ३१ मार्चला संध्याकाळी दोन्ही लेजर समोरासमोर धरून बसायचं, असं आमचं ठरलंय. बिन कार्डांचे गठ्ठे त्यांनी तारीखवार बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेत, आणि किल्ली कुणाकडे असते तेही मला सांगून ठेवलंय.